पाच म्हणायचं नाही

दिग्रस,
७ जानेवारी २०२५

प्रफुल्ल,

'सप्रेम जय भीम' लिहायला हात सवयीने निघाला होता. सप्रेम तेवढं गाळलंय, जय भीम घे.

कागदावर लिहितेय याचं तुला नवल वाटेल. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो. मेल तू अर्धी वाचतोस आणि उरलेली अर्धी तुला हवी तशी समजून घेतोस. कागदाच्या मध्येच तुला बोलता येणार नाही, एवढाच या पत्राचा फायदा. जर्मनीला पोचायला पंधरा-वीस दिवस लागतील असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. दिग्रसहून तिकडे टपाल करणारी मी पहिलीच असावी, कारण त्यांनी पत्ता मोठ्याने वाचून रांगेतल्या सगळ्यांना ऐकवला.

तुझा शोधनिबंध स्वीकारल्याचा निरोप मिळाला. तू तो बऱ्याच जणांना एकदम पाठवलास, त्यांतच मलाही. अभिनंदन. शेवटच्या चित्राकडे मी खूप वेळ बघत बसले. रेष म्हणजे तुझ्या गणिताने सांगितलेलं दुखणं, ठिपके म्हणजे प्रत्यक्षातलं दुखणं, आणि ठिपके कसे शहाण्यासारखे रेषेला धरून चालले आहेत. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, 'मुलगी, वय नऊ, दोन वर्षांची रोजची नोंद.' मुलीचं नाव नाही. बरोबरच आहे, तसा नियम असतो.

आता माझं काम. ती रेष निबंधातून काढून टाक. आणि तिच्या जोरावर झरी जामणीच्या आश्रमशाळांमध्ये तुम्ही जूनपासून जे मोबाइलवरचं 'इशारा' अ‍ॅप सुरू करणार आहात, ते थांबव. सिकलसेलच्या मुलांनी रोज दुखण्याचा आकडा सांगायचा, पाचाच्या खाली असला तर हिरवा दिवा, पाच किंवा वर गेला तर लाल. हिरवा असला की दवाखान्यात न्यायची गरज नाही. हे होऊ देऊ नकोस.

तू कोण सांगणारी, असं विचारशील. त्या गणितातला एक दुवा माझा आहे. पुण्यात आपण आजारी लाल पेशीला स्प्रिंगांच्या जाळीची पिशवी मानली होती, आठवतं? निरोगी पेशी मऊ असते, केसाएवढ्या नळीतूनही वाकून निघते. आजारी पेशी ताठ होते आणि नळीच्या भिंतीला चिकटते. ती किती घट्ट चिकटते, रक्ताचा धक्का तिला कधी सोडवतो, एक अडकली की मागच्या कशा खोळंबतात, हे सगळं तू मांडलंस. पण जिवंत माणसाच्या आत किती पेशी चिकटल्यात हे कोण मोजणार? तेव्हा मी म्हटलं होतं, अडकल्या की दुखतं, तर दुखणं मोजू. शून्य ते दहा. दुखण्याच्या आकड्यावरून चिकटलेल्या पेशी काढायचं समीकरण माझ्या अक्षरात आहे. तेव्हा हे पत्र बायकोचं समजू नकोस. सोबत गणित केलेल्या माणसाचं समज.

आपली अर्पिता नलूताईंच्या गावीच आहे, नेरच्या पुढे. तिथे हल्ली फोन लागत नाही, मेसेज तेवढे जातात, हे तुला सांगितलंच आहे. बरी आहे. आकडा तुला रोज मिळतोच आहे.

दीपमाला


दिग्रस,
२६ जानेवारी २०२५

प्रफुल्ल,

दोन्ही पत्रं एकदम मिळाली तर हे आधी वाच.

अर्पिता नलूताईंच्या गावी नाही, नव्हती. नलूताईच इकडे येऊन राहिल्या आहेत. अंगणवाडीतून रजा टाकून तुझी बहीण माझ्या घरी धुणीभांडी करते आहे. अर्पिता आत झोपली आहे.

१२ डिसेंबरला सकाळी ती डोकं दुखतं म्हणाली. मी विचारलं, किती? चार म्हणाली. पाचाच्या खाली काळजी नाही, ही तुझी रेष आणि माझं समीकरण. मी तिच्या दोन वेण्या घातल्या, पाण्याची बाटली भरून दिली आणि कॉलेजला गेले. शाळेत प्रार्थनेला उभी असताना तिचा उजवा पाय वाकला. बाईंना वाटलं, मस्ती करते आहे. त्या रागावल्या, तेव्हा तिला उत्तर देता येईना.

यवतमाळला पोचेपर्यंत उजवा हातही गेला होता. डोक्यातल्या रक्तवाहिनीत पेशी अडकल्या. डॉक्टर शीला मॅडमनी रक्त बदललं, जीव वाचला. आता दर महिन्याला रक्त द्यायचं. उजवी बाजू हलत नाही. बोलणं गेलं आहे. तिला सगळं कळतं, पण शब्द तोंडापर्यंत येतच नाही. आणायला जाते आणि मग तोंड मिटून घेते. डाव्या हाताने उजव्या पायातल्या सँडलचा पट्टा उघडते आणि चिकटवते. दिवसभर तो आवाज घरात चालू असतो. पेशी कशी चिकटते आणि कशी सुटते, ते तू तिला त्या पट्ट्यावरच तर शिकवलं होतंस.

ऑक्टोबरमध्ये शीला मॅडम म्हणाल्या होत्या, वजन वाढलंय, रोजच्या गोळीचा डोस वाढवू आणि एकदा नागपूरला डोक्याच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून या. मी तुला विचारलं. तू म्हणालास, रेष सपाट आहे, दिवाळीनंतर बघू. मीही म्हटलं, दिवाळीनंतर बघू. वरातीमागून घोडं आणणारे आपण दोघंही आहोत, त्यात एकट्या तुला मी उभं करत नाही.

हे सगळं तुझ्यापासून लपवलं, कारण मला एका गोष्टीची भीती वाटत होती. तू रडायच्या आधी तो दिवस गणितात भरशील, असं मला वाटलं. राग येऊ दे. मला तसं वाटलं.

आणि आता खरी गोष्ट. १२ डिसेंबरपासून तुला रोज आठ वाजता मिळणारा आकडा मी पाठवते आहे. रोज चार. पोरगी दवाखान्यात बेशुद्ध होती तेव्हाही चार. तू एकदाही विचारलं नाहीस की ती स्वतः का बोलत नाही. आकडा मिळत होता, तुझं भागत होतं. प्रफुल्ल, जरा तुझी रेष उघडून बघ. सहा आठवडे हिरवीच आहे ना?

दीपमाला


दिग्रस,
२० फेब्रुवारी २०२५

प्रफुल्ल,

पत्र मिळाल्याबरोबर तुझा फोन आला. तू आधी रडलास. ते ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? व्हिसाचं नूतनीकरण अडकलंय, आत्ता बाहेर पडलास तर परत जाता येणार नाही, हेही मी ऐकून घेतलं. मग तू नाक पुसलंस आणि विचारलंस, "त्या दिवशी सकाळी चार म्हणाली, तो नक्की चारच होता का?" माझी भीती पुरी खरी ठरली नाही. रडणं पहिलं आलं. आकडा दुसरा आला.

मी फोन ठेवला तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. आता माहीत आहे. काल नलूताई डाळ निवडता निवडता थांबल्या. जसं बोलल्या तसं लिहिते.

"दीपा, मले तुले काई सांगाचं हाय. पोरीले वचन देल्लं होतं म्हून इतके दिवस गप होती. दिवाळीत आलती ना माह्याकडं, तवा तिचे पाय चेपून देत होती मी. लाकडावानी पाय. अन् संध्याकाळी बापाले सांगते चार. मी म्हटलं, बाई, तू चार काहून सांगतं? तं म्हणे, आत्या, पाच म्हणाचं नाही. पाच म्हटलं का पप्पा म्हणते, मम्मीले फोन दे. मंग पप्पा बाळाचं काढते, मम्मी भांडते, अन् मंग पप्पा लय दिवस फोनच नाही करत."

मी विचारलं, मग तीन का नाही सांगायची? दोन का नाही?

"तेबी इचारलं मी. तं म्हणे, तीन म्हटलं का पप्पा म्हणते, बरी हायेस, झोप आता. चार म्हटलं का गोष्ट सांगते."

कळलं तुला? पाचाला आपण भांडतो. तीनला तू फोन ठेवतोस. चारला तू तिच्याजवळ सगळ्यांत जास्त वेळ थांबतोस. नऊ वर्षांच्या पोरीने आपल्या दोघांचं गणित मांडलं आणि ते अचूक सोडवलं. दोन वर्षं ती तिचं दुखणं सांगतच नव्हती. तू तिला किती लागतोस, ते सांगत होती.

आपलं भांडण तिने ऐकलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. दुसरं मूल होऊ देऊ, त्याची अस्थिमज्जा जुळली तर अर्पिता बरी होईल, असं तू म्हणायचास. मी म्हणायचे, एका लेकराचं औषध म्हणून दुसरं जन्माला घालायचं, आणि तेही आजारी निघालं तर? पंचवीस टक्के, तू म्हणायचास. लग्नाच्या वेळीही तू हेच म्हणाला होतास. माझं सिकलसेलचं कार्ड पिवळं, तुझं कार्ड पिवळं, दोघंही वाहक. नलूताई तेव्हा डोक्याला हात लावून बसल्या होत्या, "धम्म जुळला, शिक्षण जुळलं, कार्डच नाही जुळलं ना बावा." आपण त्यांना हसलो होतो. आपल्याला रोगाचं समीकरण येत होतं, त्यामुळे तो आपलं ऐकेल असं वाटत होतं.

नलूताईंना मी काही बोलले नाही. त्यांनी वचन पाळलं. लेकराला दिलेलं वचन पाळणारं माणूस आपल्यात ते एकच निघालं.

आता ती रेष काढ. ती काढलीस, तसं मला लेखी कळवलंस, की मी तुला अर्पिताशी बोलू देईन. त्याआधी नाही.

दीपमाला


दिग्रस,
१६ मार्च २०२५

प्रफुल्ल,

तुझी लांबलचक मेल पूर्ण वाचली. एका रुग्णाच्या आकड्यांत गोंधळ असू शकतो. मुलं पुष्कळ झाली की गोंधळ सरासरीत विरून जातो. निबंध छापून आला आहे, तो मागे घेतला तर दोन देशांतल्या माणसांची चार वर्षांची मेहनत वाया जाईल. आणि शेवटी, 'तू दुःखात आहेस, तुला आत्ता तटस्थ राहता येणार नाही.' वा. तटस्थ राहायला तुझ्याइतकं लांब जावं लागतं, ते मला जमलं नाही.

सरासरीचं म्हणशील तर मी ती बघून आले. परवा नलूताईंना अर्पिताजवळ बसवलं आणि झरीला गेले. बस पांढरकवड्याला बदलावी लागते. तुमच्या चाचणीसाठी निवडलेल्या एका आश्रमशाळेत अधीक्षक बाबूसिंग भेटले. भला माणूस. स्वतःच्या पदरच्या चटया आणून त्यांनी आजारी मुलांसाठी वेगळी खोली केली आहे. त्यांना मी 'इशारा' समजावून सांगितलं. पूर्ण ऐकून घेऊन ते म्हणाले, "मॅडम, चांगलं हाय. पन आमचे लेकरं पाच सांगनार नाई."

"का?"

"पाच सांगतलं तं लाल दिवा लागन. लाल दिवा लागला तं मले घरी धाडा लागन, नाई तं पांढरकवड्याले न्या लागन. घरी मायबाप जंगलात कामाले गेलेले. इथं दोन टाइम जेवन हाय, सोबती हाय. कोन जाईन?"

व्हरांड्यात एक कोलाम आदिवासींची मुलगी भिंतीला धरून चालत होती. दर पावलाला ओठ चावत होती. मी तिच्याजवळ बसले, नाव विचारलं, सुखी म्हणाली. किती दुखतं गं? तिने आधी अधीक्षकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दोन," म्हणाली आणि भिंत सोडून चालून दाखवू लागली.

तुझी सरासरी अशी आहे. प्रत्येक लेकराला कुठला तरी आकडा सांगायची भीती आहे, आणि सगळ्यांची भीती एकाच बाजूची आहे. आकडा खाली ओढणारी. अशी चूक सरासरीत विरत नाही, साठत जाते. हे तुला मी सांगावं? बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी हेच शिकवते, आणि मागच्या बाकावरच्यांनाही ते कळतं.

तुझ्या वरिष्ठांनाही मी इंग्रजीत लिहिलं होतं. त्यांचं सभ्य उत्तर आलं. मुलीबद्दल वाईट वाटलं, पत्र प्रकल्पप्रमुखांकडे पाठवलं आहे. प्रकल्पप्रमुख तूच आहेस.

इकडचं म्हणशील तर रक्त देऊन झालं. पाय उचलत नाही. बोलणं शिकवायला यवतमाळहून एक बाई येतात, त्या म्हणाल्या, आशा सोडू नका. त्या जाताना मात्र मला बाहेर बोलावून म्हणाल्या, फार आशाही धरू नका. दोन्ही वाक्यांचे पैसे एकच.

संध्याकाळी आठ वाजले की अर्पिता फोनकडे बोट दाखवते. मी म्हणते, पप्पा कामात आहेत. ती सँडलचा पट्टा उघडते आणि चिकटवते.

दीपमाला


दिग्रस,
१९ एप्रिल २०२५

प्रफुल्ल,

हरले मी. अट माझी होती आणि मोडली मीच. चौदा तारखेला नंबर मी लावला, हे तुलाही माहीत आहे. तरी त्या दिवशीचं लिहून ठेवते, कारण तू जे बघितलंस ते मोबाइलच्या चौकटीत मावेल एवढंच होतं.

जयंतीचा दिवस. सकाळपासून गल्लीत निळे झेंडे, डीजेने खिडक्यांची तावदानं थरथरत होती. गेल्या वर्षी अर्पिताने विहारात भाषण केलं होतं. मध्ये विसरली, मग हसली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. यंदा नलूताईंनी तिला पांढरा फ्रॉक घालून दारात खुर्चीवर बसवलं. मैत्रिणी आल्या, जय भीम म्हणाल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मिरवणुकीत गेल्या. त्यांचं काही चुकलं नाही. अर्पिता आत वळली आणि तिने भर दुपारी फोनकडे बोट दाखवलं. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.

तू दाढी वाढवली आहेस. ती तुला ओळखेल की नाही असं मला क्षणभर वाटलं. तिने ओळखलं. तू "अर्पू" म्हणालास. तुम्ही दोघं बापलेक नुसते बघत राहिलात. तेवढा वेळ मला वाटलं, रेष गेली खड्ड्यात, हे एवढं पुरे.

मग मीच घाण केली. विचारलं, जूनचं काय झालं? तू म्हणालास, ठरल्याप्रमाणे सुरू होणार, आता ते माझ्या हातात राहिलेलं नाही. मी म्हटलं, ते तुझ्याच हातात आहे. तू म्हणालास, दीपा, आत्ता नको. मी म्हटलं, आत्ता नाही तर कधी, आणखी एक पोर पडल्यावर? तुझा आवाज चढला, माझा तर चढलेलाच होता. बाहेर डीजे, आत आपण.

आणि अर्पिताने डावा हात वर केला.

तू ओरडलास, "दीपा, बघ, हात वर केला." तुझा चेहरा कसा उजळला होता. तुला वाटलं, ती हात हलवून तुला बोलावते आहे. मी शेजारी बसले होते, मला बोटं दिसत होती. अंगठा तळव्यात दुमडलेला, बाकीची बोटं ताठ. मग तुलाही ती दिसली. तू ती मोजलीस. तिला जे पाहिजे होतं ते झालं, आपलं भांडण थांबलं.

मग तू तिला गोष्ट सांगितलीस. काय करणार होतास दुसरं? लाल पेशीची गोष्ट, ती भिंतीला चिकटते आणि रक्ताची मोठी लाट येऊन तिला सोडवते, तीच. गोष्ट संपेपर्यंत तिने हात खाली घेतला नाही. फोन बंद झाल्यावर नलूताईंनी एकेक बोट धरून मिटवलं.

त्यानंतर तू रोज फोन करतो आहेस. मी अडवत नाही. ती रोज हात वर करते, तू रोज गोष्ट सांगतोस. तो आकडा तू कुठे भरत नसशील असं मी धरून चालते. विचारणार नाही.

झरीचं म्हणशील तर मी आणखी दोन-तीन ठिकाणी लिहून बघितलं. तुझा निबंध छापलेला आहे आणि माझी पत्रं हाताने लिहिलेली. बाबूसिंगांचा फोन आला होता, मोबाइल पोचले म्हणाले, डब्यांवर निळी फीत लावली आहे. सुखीचं विचारलं. म्हणाले, बरी आहे, रोज दोन सांगते.

आज सकाळी शीला मॅडमचा फोन होता. अर्पिताचा डावा गुडघा सुजला आहे, रात्रभर ती कण्हते. मॅडम म्हणाल्या, दुखणं किती आहे ते नीट विचारून कळवा, त्यावर औषध ठरवते. मी तुझा फोन येतो तो मोबाइल शेजारच्यांकडे ठेवला. नलूताईंना बाजारात पाठवलं. दार लावलं, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, बाळा, इथे पप्पा नाहीत, कोणी नाही. मी भांडणार नाही, रडणार नाही. खरं सांग. मी एकेक आकडा म्हणते, तू फक्त मान हलव.

दहा? नाही. नऊ? नाही. आठ, सात, सहा, दर वेळी ती माझ्या तोंडाकडे बघून मान हलवत होती. पाच म्हणताना माझा आवाज कापला, तो तिने ऐकला. नाही.

चारला तिने होकाराची मान हलवली.

शीला मॅडमना मी अजून काही कळवलेलं नाही. काय कळवायचं ते तुला सुचत असेल तर लिही.

दीपमाला